घरी शिरेतून अँटिबायोटिक द्यायचं आहे : काय विचारून घ्यावं, काय बघावं?

निळाई:
बाबा ७१ वर्षांचे. मागच्या आठवड्यात थंडी वाजून सणकून ताप भरला. लघवीला जळजळ आधीपासून होतीच, पण त्यांनी ती अंगावर काढली. संध्याकाळपर्यंत असंबद्ध बोलायला लागले. रुग्णालयात नेल्यावर कळलं की लघवीतला संसर्ग रक्तात गेला आहे, जंतू ई. कोलाय. तीन दिवस शिरेतून सेफ्ट्रायक्झोन हे अँटिबायोटिक चाललं. ताप उतरला, बोलणं ताळ्यावर आलं आणि आज घरी सोडलं. उरलेले डोस घरीच, रोज एक. कॅन्युला (शिरेत बसवलेली बारीक नळी) हातात तशीच ठेवली आहे. एक नर्सताई रोज सकाळी येऊन देतील. कागदावर एकूण दहा दिवस लिहिलेत, म्हणजे घरी सात.

माझ्यासमोर आत्ता औषधाचे सात खोके आहेत, नॉर्मल सलाईनच्या बाटल्या आहेत आणि रुग्णालयातून सामानात आलेली एक रिंगर लॅक्टेटची बाटलीही आहे. उद्या सकाळी पहिला डोस. सोडताना इतकी घाई होती की विचारायचं सगळं राहून गेलं. बाबांना हृदयाचे ठोके अनियमित असल्यामुळे वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू आहे. शिवाय आत्या आत्ताच म्हणाली, लहानपणी पेनिसिलिनने त्याच्या अंगावर पुरळ उठलं होतं. जाणकारांनी कृपया सांगा, मी काय तपासू?

वॉर्डातली:
निळाई, मी ३१ वर्षं नर्सिंग केलं, आता निवृत्त आहे. सगळ्यात आधी एक काम करा. पुरळाची गोष्ट आजच, आत्ता, डॉक्टरांना फोन करून सांगा. तीन डोस काही न होता गेलेत ही चांगली खूण आहे, पण ती माहिती त्यांच्या फाइलमध्ये हवी. पुरळ किती दिवसांनी उठलं, श्वास लागला होता का, ओठ-चेहरा सुजला होता का, कातडी सोलली होती का, हे आत्यांना नीट विचारा. "अ‍ॅलर्जी आहे" एवढ्या दोन शब्दांवर डॉक्टरला काही ठरवता येत नाही.

आता उद्याच्या सकाळबद्दल. नर्सताई आल्या की त्यांनी हात धुतलेले तुम्ही डोळ्यांनी बघा. संकोच करू नका, चांगल्या नर्सला याचा राग येत नाही. प्रत्येक डोसला सुई नवी आणि सिरिंजही नवी, पाकीट तुमच्यासमोर फोडलेलं. नुसती सुई बदलून सिरिंज तीच वापरणं हा घातक प्रकार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार एकट्या २००० साली असुरक्षित इंजेक्शनांमुळे २ कोटी १० लाख लोकांना हिपॅटायटिस बी, २० लाखांना हिपॅटायटिस सी आणि २ लाख ६० हजार लोकांना एचआयव्हीची लागण झाली. वॉर्डात शिकाऊ मुली आल्या की मी त्यांना आधी हे आकडे सांगायचे, मग सुई हातात द्यायचे.

व्हायलीचं (औषधाच्या छोट्या बाटलीचं) झाकण काढल्यावर रबरी बूच स्पिरिटने पुसायचं आणि वाळू द्यायचं. बूच उघडं पडलं म्हणजे ते निर्जंतुक असतं असं नाही. पावडर पूर्ण विरघळली पाहिजे. द्रावण फिकट पिवळसर दिसलं तर घाबरू नका, ते तसंच असतं. पण गढूळ दिसलं, कण तरंगताना दिसले तर ते द्यायचं नाही. औषधाआधी कॅन्युलात नॉर्मल सलाईन सोडून बघायचं. सहज गेलं पाहिजे, दुखता कामा नये, तिथे फुगवटा येता कामा नये. मग औषध साधारण अर्धा तास, सावकाश. संपल्यावर पुन्हा सलाईनने नळी धुवायची. आणि डोस झाल्यावर नर्सताईंनी लगेच निघायचं नाही, अर्धा तास थांबायचं. पहिल्या दिवशी तर नक्कीच.

गोळीपुडी:
मी औषधनिर्माता आहे. वॉर्डातली यांच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. माझ्या तीन गोष्टी.

निळाई, ती रिंगर लॅक्टेटची बाटली आजच बाजूला काढा. त्यात कॅल्शियम असतं. सेफ्ट्रायक्झोन आणि कॅल्शियम एकत्र आले की न विरघळणारा साका तयार होतो, डोळ्यांना न दिसणारे कणसुद्धा. नवजात बाळांच्या फुप्फुसांत आणि मूत्रपिंडांत असा साका सापडला, त्यात मृत्यूही झाले. म्हणून २८ दिवसांपर्यंतच्या बाळाला शिरेतून कॅल्शियम चालू असेल किंवा लागणार असेल तर हे औषध मुळीच देत नाहीत. मोठ्या माणसात एक संपल्यावर नळी नीट धुऊन दुसरं देता येतं, पण एका बाटलीत किंवा एकाच वेळी एका नळीतून कधीच नाही. घरात मुळात ती बाटली असायचं कारणच नाही. "सलाईन ते सलाईन" असं म्हणून घाईत चुकीची बाटली लागते.

दुसरं, खोके उघडून आतल्या छोट्या अँप्यूलवरचं (औषध विरघळवायच्या द्रवाच्या कुपीवरचं) नाव वाचा. सातही खोक्यांतली. हेच औषध स्नायूत देण्यासाठीही मिळतं आणि स्नायूत ते फार दुखतं, म्हणून त्या पॅकमध्ये विरघळवायला लिडोकेन म्हणजे लिग्नोकेन हे जागा बधिर करणारं औषध देतात. ते शिरेत गेलं तर हृदयाची लय बिघडू शकते, झटके येऊ शकतात. शिरेसाठी लिडोकेनवालं द्रावण वापरायचं नाही, कोणत्याही परिस्थितीत.

तिसरं, वॉरफरिन. अँटिबायोटिक चालू असताना आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीतला आकडा) वर चढू शकतो. आतड्यातले व्हिटॅमिन के बनवणारे जंतू मरतात, आजारपणात जेवणही कमी झालेलं असतं. शेवटचा आयएनआर कधी केला होता?

निळाई:
गोळीपुडी, हात थरथरतायत लिहिताना. सातपैकी पाच खोक्यांत साधं निर्जंतुक पाणी आहे. दोन खोके भाऊ रात्री दुसऱ्या दुकानातून घेऊन आला होता, त्यांत लिग्नोकेन आहे. औषधाचं नाव तेच, मात्रा तीच, खोक्याचा रंगही जवळजवळ तोच. ते दोन्ही वेगळे बांधून ठेवले, उद्या बदलून आणतो.

आयएनआर भरती झाल्या दिवशी २.४ होता. नंतर केलेला नाही. डॉक्टरांना फोन केला. पुरळाबद्दल ऐकून त्यांनी बरेच प्रश्न विचारले (आत्या फोनवर होतीच) आणि सेफ्ट्रायक्झोन चालू ठेवायला सांगितलं. परवा आयएनआर करायचा आहे.

जिज्ञासू३:
एक शंका. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर दहातल्या एकाला सेफ्ट्रायक्झोनचीही येते असं ऐकलंय. आणि मग आधी हातावर थोडंसं टोचून बघतात, ती टेस्ट का नाही केली?

वॉर्डातली:
आम्हालाही दहा टक्केच शिकवलं होतं. तो आकडा जुन्या काळातला आहे. सुरुवातीच्या सेफॅलोस्पोरिन औषधांत (सेफ्ट्रायक्झोन याच गटातलं) पेनिसिलिनचा अंश मिसळलेला असायचा, त्यामुळे तो फुगला. आता प्रमाण साधारण दोन टक्के किंवा त्याहून कमी धरतात. सेफ्ट्रायक्झोनच्या रेणूची बाजूची साखळी पेनिसिलिनपेक्षा वेगळी आहे, आणि रिअ‍ॅक्शन बरीचशी त्या साखळीवर ठरते. शिवाय "मला पेनिसिलिन चालत नाही" म्हणणाऱ्यांची नीट तपासणी केली तर दहातल्या नऊ जणांना ते चालतं. लहानपणचं पुरळ बऱ्याचदा त्या तापाचंच असतं. पण श्वास कोंडला असेल, बेशुद्धी आली असेल किंवा कातडी सोलून निघाली असेल तर हा हिशोब लावायचा नाही, तो निर्णय डॉक्टरांचाच.

हातावरच्या टेस्टबद्दल मी स्पष्ट बोलते. मी ती हजारो वेळा केली आहे, कारण सांगितलं जायचं. हातावर काही उठलं नाही म्हणजे पूर्ण डोसला काही होणार नाही, असं ती टेस्ट सांगू शकत नाही. उलट ती "निगेटिव्ह" आली की सगळे निर्धास्त होतात आणि रुग्णाला एकटं सोडून निघून जातात. नीट विचारलेला इतिहास, सावकाश दिलेलं औषध, जवळ बसलेलं माणूस आणि हाताशी अ‍ॅड्रिनलिन (गंभीर रिअ‍ॅक्शनवर सगळ्यात आधी द्यायचं इंजेक्शन), यांत खरी सुरक्षितता आहे.

निळाई, नर्सताईंच्या पिशवीत अ‍ॅड्रिनलिन आहे का, हे उद्या आधी विचारा. नसेल तर डोस सुरू करू देऊ नका. रिअ‍ॅक्शन आलीच तर बहुतेक वेळा काही मिनिटांतच कळतं. अंगावर गांधी, घसा आवळल्यासारखा, आवाज बसणं, शिट्टीसारखा श्वास, उलटी, चक्कर. औषध तिथेच बंद. आडवं झोपवून पाय वर. श्वास फारच लागत असेल तर टेकवून बसवा, पण उभं करू नका, दोन पावलंही चालवू नका. अचानक उभं केल्याने रक्तदाब कोसळून माणसं गेली आहेत. अ‍ॅड्रिनलिन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. मोठ्या माणसाला १ मिलीत १ मिलिग्रॅम असलेलं अर्धा मिली. पाच मिनिटांत फरक नाही पडला तर पुन्हा. त्याच वेळी दुसऱ्याने रुग्णवाहिका बोलवायची. अ‍ॅलर्जीची गोळी, स्टेरॉइडचं इंजेक्शन हे नंतरचं. ते आधी देण्यात वेळ गेलेला मी पाहिला आहे.

रानवाट:
मला इथे लिहायलाच हवं. सहा वर्षांपूर्वी माझ्या आईला जेंटामायसिन दिलं गेलं. सेफ्ट्रायक्झोन नव्हे, वेगळ्या गटातलं, पण तेही इंजेक्शनच आणि तेही लघवीच्या संसर्गासाठीच. आठ-नऊ दिवस चाललं. मधे कोणी रक्तातली पातळी तपासली नाही, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी) फक्त पहिल्या दिवशी केलं होतं. पाचव्या दिवसापासून आई म्हणायची, "डोकं हलवलं की भिंती हलतात." सगळ्यांनी तो अशक्तपणा समजला. मीसुद्धा.

जेंटामायसिन आतल्या कानातल्या केसासारख्या पेशी मारतं. तोल सांभाळणाऱ्या आणि ऐकण्याच्या, दोन्ही. त्या पुन्हा उगवत नाहीत. मूत्रपिंडालाही इजा होते, पण ते बऱ्याचदा सावरतं. कान सावरत नाही. आई आज अंधारात भिंतीला धरल्याशिवाय चालू शकत नाही. संसर्ग मात्र पूर्ण बरा झाला. औषध वाईट नाही, कित्येक जीव त्याने वाचतात. पण त्यावर रोज डोळा ठेवावा लागतो आणि तो कोणी ठेवला नव्हता. चक्कर, कानात आवाज, ऐकू कमी येणं, लघवी कमी होणं, यातलं काहीही रुग्ण बोलला तर त्याच दिवशी डॉक्टरपर्यंत पोचवा.

वॉर्डातली:
रानवाट, वाचून फार वाईट वाटलं. "भिंती हलतात" हे शब्द मी वॉर्डात ऐकले आहेत. अगदी याच शब्दांत.

दर_एकवीस_दिवसांनी:
माझं बेन्झाथिन पेनिसिलिन. बाराव्या वर्षी संधिवाताचा ताप येऊन हृदयाची झडप खराब झाली, तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी १२ लाख युनिट कमरेत. हे औषध फक्त खोल स्नायूत द्यायचं. चुकून शिरेत गेलं तर हृदय बंद पडू शकतं, व्हायलीवर तसा इशारा असतो. दुधासारखं दाट असतं, सुई तुंबते. देणाऱ्याने घाई केली तर पाय दोन दिवस ओढत चालावं लागतं. जुन्या अनुभवी सिस्टर व्हायल तळहातांत धरून जराशी कोमट करायच्या आणि अगदी हळू, एकाच गतीने द्यायच्या. कमरेत घेताना वरचा बाहेरचा भाग, हे मी स्वतः दर वेळी बोलून दाखवते. खालच्या आतल्या भागात पायाकडे जाणारा मोठा मज्जातंतू असतो, त्याला सुई लागली तर पाऊल लुळं पडू शकतं.

पाऊलखुणा:
वडिलांना व्हँकोमायसिन हे दुसरं अँटिबायोटिक शिरेतून चालू असताना मान आणि छाती लालभडक झाली, खाज सुटली. फाइलवर "अ‍ॅलर्जी" लिहून टाकलं. पुढच्या वेळी दुसऱ्या डॉक्टरांनी समजावलं की ते औषध फार वेगाने गेलं होतं. तासाभरापेक्षा कमी वेळात ते देत नाहीत. पुढचा डोस सावकाश दिला, काही झालं नाही.

जिज्ञासू३:
एक मूलभूत प्रश्न. बाबा आता जेवतायत, ताप नाही. मग गोळी का नाही? इंजेक्शन जास्त "पॉवरफुल" म्हणून?

गोळीपुडी:
हा समज खूप खोलवर आहे. इंजेक्शन द्यायची कारणं वेगळी असतात. रुग्ण फार गंभीर असेल आणि रक्तात लगेच पुरेसं औषध हवं असेल, उलट्या होत असतील, आतडं शोषून घेत नसेल किंवा त्या जंतूवर चालणारी गोळीच नसेल. ही कारणं संपली की बहुतेक संसर्गांत ४८ ते ७२ तासांनी गोळीवर जाता येतं का, हे बघायचंच असतं. २०१९ साली ब्रिटनमधला ओव्हिवा अभ्यास प्रसिद्ध झाला. हाडं आणि सांध्यांच्या संसर्गाचे १,०५४ रुग्ण होते. ज्यांना लवकर गोळ्या सुरू केल्या ते इंजेक्शनवाल्यांपेक्षा मागे पडले नाहीत. हाडाच्या संसर्गात सहा आठवडे शिरेतून औषध हा तोवर जणू नियमच होता.

निळाई, रक्ताचा कल्चर रिपोर्ट (रक्तातला जंतू वाढवून केलेली तपासणी) आला असेल. कोणतं औषध चालतं आणि कोणतं नाही, हे त्यावर असतं. तो घेऊन डॉक्टरांना विचारा, गोळी चालेल का आणि दहा दिवसच का.

शांतसमई:
दिवसांच्या मुद्द्यावर भर घालते, मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. रक्तातल्या जंतुसंसर्गावर ७ दिवस विरुद्ध १४ दिवस अशी तुलना करणारा बॅलन्स नावाचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्यात ३,६०८ रुग्ण होते आणि ७ दिवसांचा उपचार १४ दिवसांपेक्षा कमी ठरला नाही. मात्र कृत्रिम झडप असलेले, प्रतिकारशक्ती फार खालावलेले आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूचा संसर्ग असलेले रुग्ण त्यात नव्हते, म्हणून सरसकट लावू नये.

उलट टोकाची गोष्ट १९४१ सालची. फेब्रुवारीत ऑक्सफर्डमध्ये अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलिसाला शिरेतून पेनिसिलिन दिलं. चेहऱ्यावरच्या संसर्गाने एक डोळा आधीच काढावा लागला होता. चोवीस तासांत उतार पडला. पण जगात औषधच इतकं थोडं होतं की त्याच्या लघवीतून ते परत मिळवून पुन्हा देत होते. पाच दिवसांत साठा संपला, संसर्ग उलटला आणि १५ मार्चला तो गेला. पेनिसिलिन रक्तात अर्ध्या तासात निम्मं होतं, मूत्रपिंडं ते भराभर बाहेर टाकतात. सेफ्ट्रायक्झोन निम्मं व्हायला सहा ते नऊ तास लागतात, म्हणूनच निळाईच्या बाबांना दिवसातून एकदा पुरतं. आणि म्हणूनच रोजची वेळ पाळायची.

चाफेकळी:
सेफ्ट्रायक्झोनचा मोठा भाग पित्तातून बाहेर पडतो हेही सांगा कुणीतरी. माझ्या मुलाला आठव्या दिवशी उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं, सोनोग्राफीत पित्ताशयात "खडे" दिसले. ऑपरेशनची भीती घालण्यात आली. दुसऱ्या डॉक्टरांनी औषध थांबवून वाट पाहायला सांगितलं. पाच आठवड्यांनी पित्ताशय स्वच्छ. तो औषधाचाच साका होता.

निळाई:
दोन दिवसांनी लिहितेय. पहिल्या दिवशी नर्सताईंच्या पिशवीत अ‍ॅड्रिनलिन नव्हतं. मी डोस थांबवला. त्यांना क्षणभर वाईट वाटलं, मग म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं." तासाभरात घेऊन आल्या.

आज कॅन्युलाच्या वर शीर दोरीसारखी कडक लागली, हात लावला की दुखत होतं, लालीही होती. फोटो डॉक्टरांना पाठवला. ती काढून दुसऱ्या हातात नवी घातली. आयएनआर ३.९ आला. आजची वॉरफरिनची गोळी द्यायची नाही, उद्यापासून डोस कमी, तीन दिवसांनी पुन्हा तपासणी.

कल्चर रिपोर्टही दाखवला. जंतूवर दोन गोळ्या चालतात, पण दोन्ही वॉरफरिनशी याहून जास्त भांडतात, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून इंजेक्शनच राहील. पण ताप तिसऱ्या दिवशीच गेला, सोनोग्राफीत मूत्रमार्गात अडथळा नाही, म्हणून दहाऐवजी एकूण सातच दिवस. घरी सातऐवजी चार डोस.

आता तीन खोके उरणार. शेजारच्या काकांना दोन दिवस ताप आहे, ते म्हणाले, "उरलंय तर मला एक टोचायला सांग ना तुझ्या नर्सला." बाबांच्या आजारपणात हेच काका रात्री धावत आले होते. नाही कसं म्हणू?

वॉर्डातली:
नाहीच म्हणा. त्यांचा ताप विषाणूचा असेल तर या औषधाचा काडीचा उपयोग नाही, आणि जंतूंचा असेल तर एका डोसने कल्चर बिघडेल, खरं निदान लांबेल. काकांना स्वतः डॉक्टरकडे घेऊन जा. त्यांनी तुमच्यासाठी केलं, तसं तुम्ही त्यांच्यासाठी केल्यासारखं होईल.

शांतसमई:
शिवाय सेफ्ट्रायक्झोन जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत "वॉच" गटात आहे, म्हणजे जपून वापरायचं. आणि निळाई, औषध संपल्यावरही बाबांच्या पोटाकडे लक्ष असू द्या. दिवसातून तीन-चारदा पाण्यासारखे जुलाब, पोटात कळा, ताप असं झालं तर क्लॉस्ट्रिडियॉइडिस डिफिसिल हा आतड्यातला जंतू तपासायला सांगा. औषध बंद झाल्यावर दोन महिन्यांपर्यंतही हे होऊ शकतं. तेव्हा जुलाब बंद करायची गोळी आपल्या मनाने देऊ नका.

गोळीपुडी:
वापरलेल्या सुया कुठे टाकता? टोपण परत लावू नका, त्यातच जास्त सुया बोटात जातात. जाड प्लॅस्टिकच्या, झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात थेट टाका आणि डबा पाऊणभर झाला की नर्सताईंकडे द्या. कचऱ्यात टाकलेली सुई कचरा उचलणाऱ्याच्या हातात घुसते.

निळाई:
डबा केला आहे, वर लाल अक्षरात लिहिलंय.

काकांना काल सकाळी डॉक्टरकडे नेलं. डेंग्यू निघाला. निरीक्षणाखाली आहेत, बरे आहेत.

आज बाबांचा चौथा, म्हणजे एकूण सातवा डोस झाला. कॅन्युला काढली, पाच मिनिटं कापूस दाबून धरला, वॉरफरिन चालू आहे म्हणून नर्सताई नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबल्या. आयएनआर २.६. फाइलच्या पहिल्या पानावर मी लिहून ठेवलंय : सेफ्ट्रायक्झोन, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, सात डोस, रिअ‍ॅक्शन नाही, लहानपणी पेनिसिलिननंतर पुरळ, श्वासाचा त्रास नव्हता, अ‍ॅलर्जीची तपासणी पुढच्या महिन्यात. उरलेले तीन खोके रुग्णालयाच्या औषध विभागात परत देऊन आले.

रानवाट, तुमच्या आईंबद्दल बाबांना सांगितलं. ते म्हणाले, त्यांना विचार, आता चालताना काठी वापरतात का.

रानवाट:
वापरते. आणि तोल सावरण्याचे व्यायाम रोज करते, त्याने थोडा फरक पडलाय. बाबांना नमस्कार सांगा.